समासातली नोंद

वसईतल्या आमच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचं रोजच्या बोलण्यातलं नाव ‘कुपारी’. बाहेरच्या माणसाला ते जातीचं नाव वाटतं, पण मुळात ते नात्याचं नाव आहे. पोर्तुगीज ‘कोम्पाद्र’ या शब्दावरून ते आलं असं मानतात. ज्याने माझ्या मुलाला स्नानसंस्काराच्या वेळी हातावर घेतलं, तो मुलाचा धर्मपिता. आणि तो धर्मपिता व मी, आम्ही एकमेकांचे कोम्पाद्र. म्हणजे एका अख्ख्या समाजाला नाव मिळालं ते बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ जुळणाऱ्या नात्यावरून. हे नातं फक्त तोंडी नव्हतं. धर्मगुरू ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवत. प्रस्तावनेची सुरुवात या शब्दापासून करतो आहे, कारण चर्चच्या जुन्या वह्या उघडताना पहिली चूक होते ती इथेच. आपण त्यांना आपल्या घराण्याचा इतिहास समजतो. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र इतिहास नव्हताच. त्याला काळजी होती ती कोणाचं कोणाशी लग्न होऊ शकत नाही याची.

ही काळजी कुठून आली ते सांगायला हवं. त्रेंतच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ च्या सत्रात विवाहाविषयी जो हुकूम काढला, त्यामागे युरोपातल्या चोरट्या लग्नांची डोकेदुखी होती. दोघांनी एकांतात एकमेकांना वचन दिलं की लग्न लागलं असं तोवर मानलं जाई. मग पुढे त्यातला एक जण नाकबूल व्हायचा आणि दुसरीकडे खुशाल बोहल्यावर चढायचा. परिषदेने ठरवलं की लग्न धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोरच लागलं पाहिजे, आणि वधूवर, साक्षीदार, दिवस, ठिकाण हे धर्मगुरूने वहीत नोंदवून ती वही जपून ठेवली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममाता कोण हे विचारून तेही लिहायचं, कारण त्या नात्यानेही लग्नाला आडकाठी येत असे. मुलाची आई पुढे विधवा झाली तरी मुलाच्या धर्मपित्याला तिच्याशी लग्न करता येत नव्हतं. गोव्यात १५६७ साली पहिली प्रांतिक धर्मसभा भरली आणि त्रेंतचे नियम इकडच्या चर्चमध्ये रुजू लागले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्यांचा दंडक घातला: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातल्या घरोघरच्या माणसांची यादी. ही पाचवी वही फार मोलाची, पण हाती लागते क्वचित. उपवासकाळात कोणी पापनिवेदन केलं, कोणी नाही, हे पाहण्यासाठी घरवार याद्या करत. काम झालं की त्यांचं महत्त्व संपे, मग त्या जपणार कोण?

मराठी वाचकाला वंशावळीचं वेड नवं नाही. त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला गेलं की तीर्थोपाध्याय आपल्या गावाचं नि आडनावाचं बाड काढून पणजोबांची सही दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतो. कुलवृत्तान्ताच्या जाडजूड ग्रंथांनी तर कित्येक कपाटं अडवली आहेत. या सगळ्यांत आणि चर्चच्या वहीत एक फरक आहे. कुलवृत्तान्त मूळ पुरुषापासून खाली उतरतो, मुलग्यामागून मुलगा, आणि सुना-लेकी कंसात जातात. चर्चची वही लेकरापासून वर चढते, आणि लेकरू मुलगी असलं तरी तिला तेवढ्याच ओळी मिळतात. एकोणिसाव्या शतकातली गोव्यातली एखादी नीट लिहिलेली नोंद घ्या. मुलाचं नाव, ‘फिल्यु लेजितिमु’ म्हणजे औरस पुत्र, बापाचं नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासह, कोण कुठला रहिवासी, मग ‘नेतु पातेर्नु’ म्हणून वडिलांचे आईबाप, मग आईचे आईबाप, मग ‘पाद्रिन्यु’ आणि ‘माद्रिन्या’. पंधरा-वीस ओळींत तीन पिढ्या, आणि त्यांत बायका पुरुषांइतक्याच. माझ्या मते या वह्यांचा सगळ्यात मोठा ठेवा हाच आहे. आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या जुन्या कागदात एखाद्या शेतकऱ्याच्या आईच्या आईचं नाव सापडतं, ते मला कोणी दाखवावं.

पण सगळ्या नोंदी अशा भरघोस नसतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या नोंदी बहुधा तीनचार ओळींच्या, आणि आईच्या जागी कधी नुसतं ‘मारिया’. अशा तीन मारिया एकाच वाड्यात निघाल्या की पुढचा सगळा डोलारा अंदाजावर उभा राहतो. तिथे थांबायची तयारी हवी. वंशावळी बिघडतात त्या नोंद न मिळाल्याने नाही, तर मिळालेली नोंद आपलीच असावी या हट्टाने.

हट्टाचं मुख्य कारण आडनाव. डिसोजा, परेरा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस, डिमेलो ही नावं आपल्याकडे रक्तातून आलेली नाहीत. धर्मांतराच्या वेळी ज्याने बाप्तिस्मा दिला त्या पाद्रीचं, किंवा धर्मपिता म्हणून जो पोर्तुगीज उभा राहिला त्याचं आडनाव नव्या ख्रिस्ती माणसाला मिळे. एका दिवशी गावातल्या पाच वेगवेगळ्या घरांनी बाप्तिस्मा घेतला, तर पाचही घरं डिसोजा. उलट, दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असले, तर एक परेरा आणि एक डिमेलो. त्यात जुन्या पोर्तुगीज रीतीप्रमाणे एकाच घरातली मुलं कधी बापाचं, कधी आईकडचं आडनाव लावत. म्हणून गावात आडनावापेक्षा घराचं टोपणनाव, आळीचं नाव, विहिरीचं नाव जास्त कामाला येतं. चार लोपीस घरांना ओळखायला गावकऱ्यांनी ती नावं ठेवली, आणि ती बोलण्यात टिकली. वहीत ती क्वचितच उतरली. ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसं कमी होत चालली आहेत.

लिपी आणि भाषा यांचा बाऊ फार केला जातो. वसई-साष्टीची बरीच चर्च १८८६ ते १९२८ या काळात दमणच्या धर्मप्रांतात होती. पोर्तुगीज वह्या या भागात इतक्या उशिरापर्यंत का दिसतात, त्याचा उलगडा यातून होतो. नंतर लॅटिन आणि इंग्रजी येतात. पण नोंद म्हणजे ठरलेला साचा. पन्नासेक शब्द ओळखू आले की तीनचतुर्थांश वही वाचता येते, आणि ते शब्द या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात दिले आहेत. खरे चकवे वेगळेच. लॅटिन वहीतला ‘जोआन्नेस’ म्हणजे पोर्तुगीज वहीतला जुआंव आणि इंग्रजी वहीतला जॉन, हे कोणीही ताडेल. पण ‘दिदाकुस’ म्हणजे दियोगु, हे माहीत नसलं तर एका माणसाचे दोन होतात. महिन्यांचंही तसंच. जुने लेखक सप्टेंबर लिहिताना सात आकडा घालून पुढे ‘ब्र’ जोडत, ऑक्टोबरला आठ, नोव्हेंबरला नऊ, डिसेंबरला दहा. ती लॅटिन मोजणी. मी स्वतः पहिली दोन वर्षं सात म्हणजे जुलै धरून तारखा उतरवत होतो. मग एका मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या आईबापांच्या लग्नानंतर फारच लवकर निघाला. त्या बिचाऱ्या जोडप्याविषयी मी मनातल्या मनात काय काय ठरवून बसलो होतो, ते इथे लिहीत नाही.

आणि ज्या नोंदींत खरोखर तसं काही असतं, त्याही भेटतात. ‘पाइश इंकॉग्नितुश’ म्हणजे आईबाप अज्ञात. कुणाच्या दारात, कुणाच्या ओट्यावर मूल सापडलं, एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या घराच्या शोधात अशी नोंद निघाली तर ती दडपू नये आणि मिरवूही नये. धर्मगुरूंनी त्या मुलालाही तीच शाई वापरली.

आता वसईविषयी, कारण इथल्या शोधाला गोव्यासारखी सलगता नाही. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पण किल्ल्यातले फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन मठ ओस पडले, पोर्तुगीज पाद्री निघून गेले आणि गावची चर्च देशी धर्मगुरूंच्या हाती आली. दोनशे वर्षांची घडी मोडली की कागदपत्रं जागेवर राहत नाहीत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळालं, तेव्हा त्यांचं आयुष्य जुळवावं लागलं ते मुख्यतः मिशनऱ्यांच्या पत्रांतून आणि चौकशीच्या कागदांतून. संताची ही कथा, तर आमच्या खापरपणजोबांची काय मिजास! वसईच्या माणसाने अठराव्या शतकाच्या अलीकडे भक्कम काम करावं आणि पलीकडचं मिळालं तर नशीब समजावं.

मुंबईत अडचण उलटी आहे. तिथे वह्या जास्त आहेत. पोर्तुगालच्या राजाचा आश्रय असलेलं पाद्रुआदो आणि थेट रोमच्या हुकुमातलं प्रोपागांदा या दोन अधिकारांचं भांडण या बेटांवर दोनशे वर्षं चाललं. इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईबाहेर काढून कार्मेलाइट पाद्री आणले, १७९४ मध्ये चर्चची वाटणी झाली, आणि तरी धुसफुस थांबली नाही. १८५३ मध्ये तर माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये प्रोपागांदाचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह दारं लावून आत बसले होते आणि बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा होता. अखेर ते चर्च पाद्रुआदोकडे गेलं. हे सगळं मिटलं १९२८ साली. वंशावळ शोधणाऱ्याला या भांडणाशी काय देणंघेणं? बरंच आहे. एकाच गावठाणात दोन चर्च, दोन धर्मगुरू, दोन वह्या. थोरल्याचा बाप्तिस्मा एकीकडे, आणि मध्ये बापाचं धर्मगुरूंशी बिनसलं म्हणून धाकट्याचा दुसरीकडे. वांद्र्याच्या माणसाने संत आंद्रे चर्चची वही पाहिली आणि ‘आमचं घराणं १८६० नंतर इथे नाहीच’ असं ठरवलं, तर आधी त्याला संत पीटरच्या दारात पाठवावं.

आता समासाकडे येतो, कारण पुस्तकाचं नाव तिथून आलं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी आजोबांच्या थोरल्या बहिणीचा बाप्तिस्म्याचा दाखला काढला. घरात ती ‘कराचीची आत्या’ एवढीच माहीत होती. टंकलेखित दाखल्यावर नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मगुरू, शिक्का. तो घेऊन मी खूश होऊन घरी आलो आणि दोन वर्षं तसाच बसलो. मग एका दयाळू धर्मगुरूंनी मूळ वही समोर ठेवली. नोंदीच्या डाव्या बाजूच्या समासात, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने दोन ओळी होत्या: कराचीतल्या कोणत्या चर्चमध्ये, कोणत्या तारखेला, कोणाशी तिचं लग्न लागलं. दाखला करणाऱ्याने त्या उतरवल्या नव्हत्या. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, मी मागितला होता बाप्तिस्म्याचा दाखला.

समासात हे लिहायची सक्ती केली ती १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या फर्मानाने. ते १९०८ च्या पुनरुत्थान सणापासून अमलात आलं. लग्न जगात कुठेही लागो, ते लावणाऱ्या धर्मगुरूने वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं आणि तिथल्या धर्मगुरूने मूळ नोंदीशेजारी ते टिपायचं. हेतू तोच जुना, एका माणसाची दोन लग्नं होऊ नयेत. पण आपले लोक त्याच काळात पोटासाठी कराची, रंगून, झांझिबार, नैरोबी गाठत होते. त्यामुळे वसईच्या किंवा गोव्यातल्या बार्देशच्या एखाद्या खेड्यातली वही नकळत सगळ्या हिंदी महासागराचा पत्ता सांगू लागली. बोटीवर गेलेल्या मुलाचा ठावठिकाणा घरच्यांना नसे, तो या समासात असे. म्हणून दाखल्यावर कधी थांबू नका. दाखला म्हणजे नोंद नव्हे. समासासकट पूर्ण उतारा मागा, किंवा नम्रपणे वही पाहू देण्याची विनंती करा.

लग्नाच्या वहीतही असाच एक खजिना लपलेला असतो, आणि तो पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो: नात्यातल्या लग्नासाठी मिळालेली सूट. १९१७ च्या धर्मसंहितेआधी चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई होती, नंतर ती तिसरीपर्यंत आली. छोट्या समाजात, त्यात जातीबाहेर लग्न नाही म्हटल्यावर, दर थोड्या लग्नांमागे सवलत मागावी लागे. पायरी मोजायची ती समान पूर्वजापासून. सख्खी चुलत-मावस भावंडं दुसऱ्या पायरीवर, त्यांची मुलं तिसऱ्या. नोंदीत ‘रक्तसंबंधाच्या तिसऱ्या पायरीची सूट’ असे शब्द दिसले, तर वधूवरांचे पणजोबा-पणजी एक आहेत हे चर्चच सांगून मोकळं झालं. अर्जासोबत कधी कधी झाड काढून जोडलेलं असतं. तुम्ही चार वर्षं जे झाड काढू पाहता, ते कोणी १८७० साली लग्न अडू नये म्हणून काढून ठेवलेलं असतं.

मृत्यूच्या वह्यांवर मी या पुस्तकात थोडंच लिहिलं आहे. त्या वाचवत नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १९१८ ला इन्फ्लुएंझा. त्या महिन्यांत अक्षर बदलतं, ओळी आखूड होतात, एका पानावर तीन-चार नोंदी असायच्या तिथे दहा-बारा येतात. गावठाणांतले प्लेगचे क्रूस आजही उभे आहेत. वहीतलं ते पान आणि तो क्रूस एकत्र पाहावेत.

राहता राहिला तो प्रश्न, जो मला प्रत्येक वाचक विचारतो: बाप्तिस्म्याआधीचं आमचं नाव काय होतं? उत्तर निराश करणारं आहे. वही सुरू होते तीच त्या नावावर पडदा टाकून. गोव्यात गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या कारभाराच्या, कागदांत जुनी नावं आणि वांगडांचे, म्हणजे गावकारांच्या कुळगटांचे, हिशेब भेटतात. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा थेट १५९५ सालच्या पहिल्या दप्तरपालापर्यंत, दियोगु दो कौतोपर्यंत जाते, आणि पुष्कळ चर्चच्या जुन्या वह्याही आता तिथेच आहेत. वसईसाठी पेशवे दप्तरातले मोडी कागद उपयोगी पडतात, पण ते गावाचं आणि जमिनीचं बोलतात, घरातलं क्वचित. काही वह्यांत नावापुढे ब्राह्मण, चारडो, सुदीर असं लिहिलेलं असतं. बाप्तिस्म्याने नाव गेलं आणि जात राहिली, याचा पुरावा म्हणून ते वाचावं. आपण कोणत्या उच्च कुळातून आलो हे शोधण्यासाठी हे पुस्तक कोणी हाती घेतलं असेल, तर त्याने ते इथेच मिटलेलं बरं.

वह्यांच्या मालकीबद्दल दोन शब्द. चर्च हे ग्रंथालय नव्हे. चर्चच्या कचेरीत सकाळी मिस्सा झाल्यावर दोन तास कामकाज चालतं आणि तिथे लग्नाचे, शाळाप्रवेशाचे, अंत्यविधीचे लोक रांगेत असतात. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली असल्याने तिथल्या दप्तरांवर दाखल्यांचा भार पडला आहे, आणि हौशी संशोधक दिसला की कपाळाला आठी पडते. ती समजून घ्यावी. कॅथोलिक वह्यांच्या सूक्ष्मपटांचा जगातला सर्वात मोठा साठा युटातल्या मॉर्मन पंथीयांनी केला आहे आणि त्यातलं बरंच ‘फॅमिलीसर्च’वर घरबसल्या पाहता येतं. पण मेलेल्यांचा बाप्तिस्मा करण्याच्या त्यांच्या प्रथेमुळे व्हॅटिकनने २००८ साली बिशपांना पत्र पाठवून अशा नकला देऊ नयेत असं कळवलं. म्हणून तिथे नाही ते कुठेच नाही असं समजू नये.

शेवटी एक विनंती. जुनी शाई लोखंडाची आहे, ती कागद खाते. कोकणच्या पावसाने आणि वाळवीने उरलेलं काम केलं आहे. तेव्हा वही समोर आली की बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, फ्लॅश मारून फोटो काढू नका, आणि फाटलेल्या पानाला प्रेमाने सेलोटेप तर मुळीच लावू नका. दहा वर्षांत ती पिवळी पडून अक्षरांसकट निघते. पान सुटं झालं असेल तर तसंच, त्याच जागी ठेवा आणि जाताना धर्मगुरूंना पानाचा क्रमांक सांगा. आणि चर्चला जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी एक दुपार बसा. घराचं टोपणनाव, आळी, धर्मपित्यांची नावं लिहून घ्या. वही पुढच्या वर्षीही कपाटात असेल.